ठिणगीची पट्टी

“माझ्या ओव्हनमध्ये काय ठेवलंयस?”

“काही नाही. तासभर दार उघडू नको.”

“काही नाही, तर उघडायचं का नाही?”

एलवुड, माझा नवरा, घड्याळाकडे बघायला लागला. मी दार उघडलंच. चर्चच्या विक्रीसाठी काकवीचे दोन केक ओट्यावर तयार होते, आणि आत माझ्या बिस्किटांच्या पत्र्यावर बोटभर लांबीचं एक वाकडं लोखंड जावयासारखं एकटंच ऐसपैस बसलं होतं.

“हे काय भाजून खायचंय?”

“दार लाव, आर्लीन! उष्णता जाते. पट्टी आहे ती. बंदुकीची. गारगोटी तिच्यावर आपटते आणि ठिणगी पडते. लालभडक तापवून पाणी दिलंय तिला. पाणी दिलेलं पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं, म्हणून मंद आचेवर तो ठिसूळपणा जरासा उतरवतोय.”

“आणि माझे केक?”

“केक थांबतील.”

“लामार थांबेल का?”

हे माझ्या तोंडून जायला नको होतं, पण गेलं. मी अशीच आहे. होजियरीच्या गिरणीत यंत्रांच्या खडखडाटावर ओरडून बोलायची सवय लागली, ती सुटलीच नाही. एलवुड त्याच गिरणीत यंत्रं दुरुस्त करायचा. तेव्हाही त्याची हीच तऱ्हा. यंत्र चालू झालं की बाकीचे फिटर हात धुऊन मोकळे व्हायचे, हा मात्र त्याच्या पितळी नळ्या पुसत बसायचा. मुकादम म्हणायचा, एलवुड, यंत्र चालवायचंय, त्याचं लग्न लावायचं नाहीये.

त्याने ओव्हनचं दार हळूच लावलं. “थांबेल,” तो म्हणाला आणि तळघरात उतरला.

लामार हा त्याचा थोरला भाऊ. आमच्याकडचे बहुतेक बाप्ये गेले तसा तोही खाणीत गेला, आणि आमच्याकडच्या बहुतेकांसारखीच त्याची फुप्फुसं कोळशाने भरली. शरद ऋतूत डॉक्टरांनी त्याच्या नाकाला प्राणवायूची नळी लावली. समोरच्या खोलीत खिडकीशी पलंग टाकला, शेजारी ते यंत्र. दिवसरात्र फूस-फूस चालायचं. त्याची बायको फर्न म्हणायची, “घरात म्हैस बांधल्यासारखं वाटतं गं.” यंत्र आलं त्या दिवशी ते आणणाऱ्या माणसाने दारावर पाटी चिकटवली, की घरात आग नको, काडी नको, ठिणगी नको. फर्नने त्याच दिवशी गॅसची शेगडी बंद केली. तेव्हापासून मी डबा पाठवते.

दोघे भाऊ दरवर्षी हरणाच्या शिकारीला जायचे. दोघांनाही मुलं झाली नाहीत, दुसरे नातेवाईक राहिले नाहीत, पण शिकार चुकली नाही. या वर्षी मोठा हंगाम उघडला त्या दिवशी लामारला पलंगावरून न्हाणीघरापर्यंत जायला दोनदा बसावं लागलं. डोंगरात दूर कुठेतरी बंदुका वाजत होत्या आणि तो डोळे मिटून मोजल्यासारखं ऐकत होता. मग एलवुडला म्हणाला, “नाताळानंतरचा हंगाम तरी करू. मला फार्मच्या कडेला खुर्चीत बसव. नळी दहा मिनिटं काढली तर मरत नाही मी. फक्त आजोबांची बंदूक दे.”

आता नाताळानंतरचा हंगाम म्हणजे गारगोटीचा. त्या दिवसांत आमच्या राज्यात चकमक झडणारीच बंदूक चालते, दुसरी घेऊन गेलात तर वनाधिकारी जप्त करतो. आणि आजोबांची बंदूक होती टोपीची, म्हणजे घोडा स्फोटक दारूच्या छोट्या टोपीवर आपटून बार उडणारी. ठासणीची, एका नळीची, आमच्या जिन्याच्या वर टांगलेली. मूळची ती गारगोटीचीच. पुढे टोप्या आल्या तेव्हा कुणीतरी गारगोटी काढून टोपीचा घोडा बसवला. जुन्या भोकांत ठोकलेल्या खुंट्या अजून दिसायच्या. म्हणजे तिला परत पहिल्या रूपात आणायचं.

“आणतो,” एलवुड म्हणाला.

“जमेल?” लामार म्हणाला. “लग्नाच्या दिवशी बुटाची नाडी बांधता बांधता तुझी लग्नाची वेळ निघून जात होती. पाद्रीबुवा वर उभे, आर्लीन उभी, आणि हा वाकलेला!”

“सारख्या लांबीची गाठ येत नव्हती.”

“ऐकलंस फर्न? सारख्या लांबीची!” लामार हसला आणि हसता हसता खोकला लागला. फर्नने भांडं पुढे केलं. त्यात काळं पडलं. आम्ही तिघांनी तिकडे पाहिलं नाही.

शेजारच्या गल्लीतला अर्लन गारगोटीची स्वतःची बंदूक द्यायला तयार होता. तयार, चालती, कालच साफ केलेली. मी तसं सांगितलंही. लामारने मान हलवली. “अर्लनच्या बंदुकीने अर्लनने मारावं.” दोघे भाऊ एका मातीचे. त्यांच्याशी वाद घालून माझा घसा बसला, पण ते जागचे हलले नाहीत.

मग सुरू झालं तळघराचं. जेवण झालं की खाली. सकाळी कॉफी घेतली की खाली. नवा घोडा घडला, रंजकाची, म्हणजे ठिणगी झेलणाऱ्या दारूची वाटी घडली, जुनं टोपीचं भोक बुजवलं, आग नळीत जायला बारीक कान पाडला, स्प्रिंग तीनदा मोडून चौथ्यांदा जमली. लाकडी दस्त्यावरचं जुनं रोगण खरवडून जवसाचं तेल चढवायला घेतलं. एक हात तेल, मग दिवसभर वाळवणं, मग घासणं, मग पुन्हा तेल. घरभर जवसाचा वास. मी म्हणायची, “अरे, तेल राहू दे. त्याला बंदूक हवी आहे, आरसा नको आहे.” तो म्हणायचा, “दोनच हात राहिले.” दुसऱ्या दिवशीही दोनच राहिलेले असायचे.

खरं सांगू? मला राग यायचा. भाऊ पलीकडच्या गावात एकेका श्वासाला लोंबकळतोय आणि हा इथे तळघरात कानस घासतोय. लामारकडे जायचं म्हटलं की “तू जा, माझा गोंद ओला आहे.” तेव्हा मी डबा घेऊन एकटी जायची. लामार माझ्यामागे दाराकडे बघायचा, कुणी येतंय का म्हणून. मग विचारायचा, “कुठवर आलं?” मी म्हणायची, “झालंच.” तिथून निघाले की गाडीत बसून मी एलवुडला इतक्या शिव्या द्यायची की काचेवर वाफ धरायची. पण मला कळत होतं. त्याला भावाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. बंदुकीकडे बघवत होतं.

ओव्हनमधली ती पट्टी बसवली त्या संध्याकाळी त्याने मला खाली हाक मारली. दिवा विझवला, घोडा ओढला आणि चाप दाबला. खट् झालं आणि ठिणग्यांचा असा झोत उठला की मी “अगं आई!” म्हणून मागे सरले. पांढऱ्याशुभ्र ठिणग्या, वाटीत पडून उड्या मारणाऱ्या.

“पुन्हा कर,” मी म्हटलं.

त्याने केलं. पुन्हा तसाच झोत. एलवुड अंधारात हसत होता. मी त्याचा गाल धरला आणि म्हटलं, “उद्या सकाळी नेऊन दे त्याला. तशीच. ऐकलंस? दस्ता पुसूही नको.”

“नेतो.”

नेली असती तर! पण दुसऱ्या दिवशी फायर ब्रिगेडच्या हॉलमध्ये ठासणीवाल्यांच्या क्लबची बैठक होती. सगळे म्हातारे, सगळ्यांच्या बोटांना तेलाचा वास. तिथे हा बंदूक दाखवायला घेऊन गेला. त्या लोकांचा एक कायदा आहे, कुठे लिहिलेला नाही, पण पाळतात देवाच्या आज्ञेसारखा: जुन्या बंदुकीवर नवा तुकडा बसवला तर तो नवा दिसता कामा नये. कुणीतरी बंदूक हातात घेतली, फिरवली, वाहवा केली, आणि पट्टीवर बोट ठेवून म्हणाला, “बाकी झकास. एवढं मात्र म्हातारीला सोन्याचा दात बसवल्यासारखं दिसतंय.” सगळे हसले. त्याच्या पोटात पाप नव्हतं, अशा थट्टा तिथे रोज चालतात. पण एलवुड तोंड पाडून घरी आला.

“दात नव्हे, दाढ म्हणाला असता तरी काय बिघडलं असतं?” मी म्हटलं. “लामार दात बघणार आहे का?”

“लामारच बघेल. आजोबांची आहे ती. तिच्यावर ठिगळ दिसलं तर तो बोलणार नाही, पण बघेल.”

खाली ब्लो-टॉर्चचा फुरफुर आवाज आला. नळीचं लोखंड वयाने तपकिरी-निळं झालं होतं. पट्टीला तोच रंग यावा म्हणून त्याने ती विस्तवात धरली, रंग येईपर्यंत. वर आणून दाखवली. खरंच, जुनी नवी ओळखू येत नव्हती.

“ठिणगी पडते ना अजून?” मी विचारलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, सहज विचारलं.

“पडणारच. कालच पाहिलीस.”

“मग एकदा बघ.”

“बघितलं तर गारगोटीचा चरा पडेल, रंग जाईल.” तो ती पट्टी मऊ फडक्यात गुंडाळत म्हणाला, “आता पहिला चरा लामारचा.”

नाताळ असा गेला की त्याबद्दल बोलू नये. लामार अंथरुणातून उठेना. फार्म, खुर्ची, हरिण हे सगळं बोलणं आपोआप बंद झालं. त्याने जेवण टाकलं, फक्त बर्फाचे तुकडे चोखायचा. शेवटी फर्नजवळ म्हणाला, “शिकार राहू दे. मला एकदा चाप ओढायचाय. दारू नको, गोळी नको. नुसती ठिणगी बघायचीय आजोबांच्या बंदुकीची.”

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे गारगोटीचा हंगाम उघडला त्याच दिवशी, जेवणवेळेनंतर आम्ही गेलो. एलवुडने शिकारीचा भगवा कोट घातला होता. लामारने तो पाहिला आणि त्याचे ओठ हलले. “शर्ट इस्त्रीचा आहे का रे आतून?”

“आहे,” एलवुड म्हणाला.

“तरी म्हटलं.”

बंदूक त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने दस्त्यावरून हात फिरवला, घोड्यावरून, मग पट्टीवरून. तिथे त्याचं बोट थांबलं. “यातलं नवं कुठलं?” तो शोधत होता, आणि त्याला सापडत नव्हतं. एलवुडचा चेहरा असा उजळला की मला तेलाच्या त्या सगळ्या हातांबद्दल त्याची माफी मागावीशी वाटली.

“बंद कर फर्न,” लामार म्हणाला. म्हणजे यंत्र.

फर्नने माझ्याकडे पाहिलं. तिला हे नको होतं. पण ती बाई नवऱ्याला नाही म्हणायचं केव्हाच विसरली होती. तिने यंत्र बंद केलं, नळी काढली, यंत्र ढकलत मागच्या खोलीत नेलं. आम्ही दोघींनी खिडक्या उघडल्या, दार उघडलं. बर्फासारखा वारा आत आला. पांघरुणातला प्राणवायू जावा म्हणून फर्नने गोधडी झटकली. म्हैस गप्प झाल्यावर खोली फार मोठी वाटायला लागली. लामारचा श्वास तेवढा ऐकू येत होता, करवतीसारखा.

एलवुड पलंगावर त्याच्या मागे बसला, त्याला छातीशी धरलं आणि बंदूक दोघांच्या मिळून खांद्याला लावली. घोडा त्याने ओढला. बोट लामारचं.

खट्.

काही नाही.

“गारगोटी सरकली असेल,” एलवुड म्हणाला. स्क्रू पिळला, घोडा ओढला.

खट्. पुन्हा काही नाही. ठिणगीचा कणसुद्धा नाही.

“धार बोथटली.” तो खिशातून दुसरी गारगोटी काढायला लागला. त्याची ती बोटं, जी गिरणीत सुईएवढा पेच अंधारात बसवायची, तीच आता खिशात चाचपडत होती. गारगोटी खाली पडली. मी उचलून दिली. लामारचे ओठ निळे दिसायला लागले होते.

“बास झालं,” फर्न म्हणाली. “मी लावते यंत्र.”

लामारने एक बोट वर केलं. आणखी एकदा.

खट्.

एलवुड वाकून पट्टीकडे बघत होता. मीही पाहिलं. त्या सुंदर तपकिरी रंगावर तीन खोल ओरखडे पडले होते, लोण्यात सुरी फिरवल्यासारखे. तेव्हा त्याला समजलं, आणि त्याच्याकडे बघून मलाही. पाणी दिलेलं पोलाद पुन्हा विस्तवात धरलं की त्याचं पाणी उतरतं, ते मऊ पडतं आणि ठिणगी देत नाही. हे त्याला शाळेतल्या पाढ्यासारखं माहीत होतं. रंगापायी विसरला.

“लामार,” त्याने हाक मारली. त्याने अंगठ्याने ते ओरखडे झाकले.

लामारला बोलायला श्वास नव्हता. एकेक शब्द वेगळा काढून तो म्हणाला, “दिसली… रे. बारीक… होती. पण… दिसली.”

फर्न यंत्र आणायला पळाली. मी खिडक्या लावायला लागले, कारण मला तिथे उभं राहवेना.

परत येताना गाडीत एलवुड समोर बघत होता. रेल्वेच्या पुलाखाली त्याने गाडी कडेला घेतली.

“त्याला काही दिसलं नाही, आर्लीन.”

“नाही.”

“मग म्हणाला का तसं?”

“तुझ्यासाठी. अजून कशासाठी?”

त्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि मोठ्याने रडला. माझ्यासमोर असा पहिल्यांदाच. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. भगव्या कोटाचं कापड गार पडलं होतं. मला त्याचा एवढा राग आला होता आणि एवढी दयाही, की दोन्हींतलं कुठलं जास्त हे मी आजही सांगू शकत नाही.

घरी आल्यावर त्याने कोटसुद्धा काढला नाही. खाली गेला, पट्टी काढली, लाल केली, तेलात बुडवली. या वेळी ओव्हनमध्ये ठेवली तेव्हा मी काही बोलले नाही, खुर्ची ओढून समोर बसले. सगळं काम झालं तेव्हा बाहेर अजून उजेड होता. एवढंसं काम होतं ते! स्वयंपाकघरातच त्याने चाप ओढून पाहिला. ठिणग्या उठल्या, पहिल्यासारख्याच. पट्टी काळी-पांढरी, डागाळलेली, कुरूप झाली होती. त्याने तिच्याकडे बघितलंही नाही.

“चल,” तो म्हणाला.

फर्नने दार अर्धवट उघडलं. तिचे डोळे सुजले होते. नर्स येऊन गेली होती, जिभेखाली औषध ठेवून गेली होती. “झोपलाय,” फर्न म्हणाली. “उठेल असं वाटत नाही म्हणाली ती. आता यंत्र क्षणभरही बंद करायचं नाही.” मग तिची नजर त्याच्या हातातल्या बंदुकीकडे गेली. “ती घरात आणू नको, एलवुड. पुरे झाला तुमचा खेळ.”

तिच्या आवाजात राग होता आणि तो तिच्या हक्काचा होता. एलवुडने मान खाली घातली आणि तो ओसरीतच थांबला. मी आत गेले.

लामार तोंड उघडं टाकून झोपला होता. नळी नाकाला, यंत्र फुसफुसतंय, पापण्या पूर्ण मिटलेल्या नव्हत्या, पण त्यांच्या मागे कुणी नव्हतं. मी त्याचा हात हातात घेतला. खोली अंधारत चालली होती आणि फर्नने दिवा लावला नव्हता.

काचेवर टकटक झाली. खिडकीबाहेर, ओसरीच्या पार टोकाला, घरापासून होईल तेवढा लांब एलवुड जाऊन उभा राहिला. बर्फ भुरभुरायला लागला होता. त्याने मला अर्धवट ओढलेला पडदा पूर्ण बाजूला कर अशी खूण केली. मी पडदा सारला. काचा बंद होत्या, कडीसुद्धा लावलेली होती, तरी फर्न तोंडाला हात लावून बघत राहिली. तिने अडवलं मात्र नाही.

त्याने बंदूक छातीशी आडवी धरली, म्हणजे वाटी खिडकीकडे येईल. घोडा ओढला. चाप दाबला. आवाज आत आला नाही, फक्त झोत आला, पांढरा, भरघोस. एक क्षण त्याचा कोट, हनुवटी आणि उडणारा बर्फ उजळून निघाला. इतक्या ठिणग्या मी तळघरातही पाहिल्या नव्हत्या.

मी लामारकडे वळले. “लामार,” मी त्याच्या कानाशी म्हटलं, “अरे बघ. लामार, एलवुड आलाय. बघ ना रे एकदा.” त्याचा हात माझ्या हातात तसाच राहिला, ना गरम ना गार. फर्न दुसऱ्या बाजूने वाकली आणि त्याचे केस मागे सारायला लागली.

बाहेर एलवुड काचेकडे बघत होता. भुवया वर करून त्याने मला विचारलं, उघडले का डोळे? मी हो म्हणू शकले असते. काचेतून कुणाला काय कळतं?

मी मान हलवली. नाही.

त्याने बाहीने पट्टीवरचा बर्फ पुसला आणि घोडा पुन्हा मागे ओढला.